ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशीच करावी: लुआंग्वा नदीकाठचा ऋतुबदल कसा ओळखावा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला देतो आहे हे स्पष्ट राहील. झांबियातील साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात नदीच्या एकाच वळणावर काढलेली दोन छायाचित्रे तुम्ही पाहिलीत. मार्चमधल्या छायाचित्रात नदी दुथडी भरलेली आहे, काठावर पुरुषभर उंचीचे गवत आहे आणि मागची झाडी दाट हिरवी आहे. ऑक्टोबरमधल्या छायाचित्रात वाळूचे रुंद पट्टे उघडे पडले आहेत, जमिनीवर गवताची काडी नाही, झाडे निष्पर्ण आहेत, काहींच्या साली सोललेल्या आहेत आणि उरलेल्या पाण्यात पाणघोडे दाटीवाटीने बसले आहेत. हे जंगल मरते आहे, की हा नुसता ऋतूचा फरक आहे, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय मुलीची शाळा आणि वडिलांचे वय पाहता तुम्हाला दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतच जाता येईल, तेव्हा यांपैकी कोणता काळ निवडावा, हेही तुम्हाला हवे आहे.

या खोऱ्यात मी बरीच वर्षे वनस्पती-सर्वेक्षणाचे काम केले आहे आणि कोरड्या हंगामात लोकांना पायी फिरवलेही आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, तुम्ही वर्णन केलेल्या फरकाचा फार मोठा भाग ऋतूचा आहे. मात्र सगळा नाही. ऋतूने केलेला बदल पुढच्या पावसात पुसला जातो आणि नुकसान पुसले जात नाही. म्हणून मार्च आणि ऑक्टोबर शेजारी ठेवून नुकसानाविषयी काहीही सिद्ध करता येत नाही. त्यासाठी एका वर्षाचा ऑक्टोबर दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरशेजारी ठेवावा लागतो. हे का, ते समजण्यासाठी नदी आणि तिच्या काठावरचे झुडपी जंगल वर्षभरात कोणकोणत्या अवस्थांतून जाते, ते पाहावे लागेल.

लुआंग्वा ही ईशान्य झांबियातील माफिंगा टेकड्यांत उगम पावते आणि सुमारे ७७० किलोमीटर वाहून झांबेझीला मिळते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीचीच एक शाखा असलेल्या खोऱ्यातून ती वाहते. पश्चिमेला मुचिंगाचा उंच कडा आहे आणि खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण ५०० ते ८०० मीटर उंचीवर आहे. या नदीच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नाही, आणि तिच्या वागण्याचे मूळ यातच आहे. पावसाळ्यात कड्यावरून येणाऱ्या उपनद्या भरपूर वाळू आणि गाळ आणतात, मुख्य नदी मऊ काठ कापत नागमोडी सरकत राहते, एखादे वळण फार जवळ आले की ते तोडून सरळ जाते आणि मागे नालाकृती सरोवर सोडते. उद्यानात अशी सरोवरे जागोजागी आहेत. काही अजून खोल, काही गाळाने भरत आलेली, काहींची तर गवताळ कुरणे झालेली. त्यामुळे दोन छायाचित्रांमध्ये काही वर्षांचे अंतर असेल तर ‘तेच वळण’ हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. मी ज्या काठांवर खुणा करून ठेवल्या होत्या, त्यांतले काही काठ आज नदीच्या पात्रात आहेत.

पावसाचे वेळापत्रक आपल्या उलट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण प्रवासाच्या दृष्टीने ते पुन्हा सांगतो. उद्यान विषुववृत्ताच्या दक्षिणेस साधारण १३ अंशांवर आहे. पाऊस नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, जानेवारी-फेब्रुवारीत जोर धरतो आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ओसरतो. खोऱ्याच्या तळाशी वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मे ते ऑगस्ट हा थंड कोरडा काळ, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हा तप्त कोरडा काळ. म्हणजे आपला पाऊस परततो तेव्हा तिथली जमीन वर्षातल्या सर्वांत कोरड्या अवस्थेत असते.

हे महिने झाले, पण प्रत्यक्षात मी ऋतू महिन्यांवरून ओळखत नाही. मी विचारतो की, या जागेपासून पिण्याचे पाणी आज किती दूर आहे? लुआंग्वाच्या काठावरचे जवळजवळ सगळे बदल या एका अंतराने घडवलेले असतात.

पहिल्या सरी पडल्या की नदीपासून दूर, मोपाने झाडांच्या जंगलात असलेल्या चिकणमातीच्या खोलगट जागा भरतात. अशी शेकडो डबकी खोऱ्यात पसरलेली आहेत. एवढे पाणी सर्वत्र उपलब्ध झाल्यावर हत्ती, रानम्हशी, झेब्रे यांना नदीकाठी राहण्याचे कारण उरत नाही आणि ते आतल्या भागात विखुरतात. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरमध्ये इंपाला या हरणासारख्या प्राण्यांची पिल्ले जवळजवळ एकाच वेळी जन्मतात, कारण तेव्हा कोवळे गवत मिळते. गवत दर आठवड्याला उंच होत जाते. आपल्या काळ्या मातीसारखीच तिथली काही माती पाणी पिऊन फुगते आणि तीवर गाडीच काय, माणूसही चालू शकत नाही; उद्यानातले बहुतेक अंतर्गत रस्ते या काळात बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नदी काठ ओलांडून पूरमैदानात शिरते, तुटलेली नालाकृती सरोवरे पुन्हा नदीला जोडली जातात आणि मासे त्यांत शिरतात. उद्यानाच्या न्सेफू भागात पाण्यात उभ्या असलेल्या आबनुसाच्या झाडांवर पिवळ्या चोचीच्या करकोच्यांची मोठी वसाहत भरते. भिगवणला तुम्ही चित्रबलाक पाहिले असतील, तर हा पक्षी त्याचाच जवळचा नातलग आहे, आणि मासळी भरपूर असतानाच पिल्ले वाढवण्याचे त्याचे गणितही तेच आहे. तुमच्या मार्चच्या छायाचित्रात एकही मोठा प्राणी नाही, याचे कारण आता कळेल. प्राणी आहेत, पण सगळीकडे पाणी असल्यामुळे ते सगळीकडे आहेत, आणि गवत त्यांना झाकते.

एप्रिलपासून पाणी उतरू लागते. सरोवरे नदीपासून पुन्हा तुटतात, गवताला बी धरते, ते पिवळे पडते. मे-जूनमध्ये, जमीन अजून थोडी ओली असताना, ठिकठिकाणी मुद्दाम गवत जाळले जाते. आपल्या वनखात्याच्या जाळरेषांमागे जो विचार असतो तोच इथेही आहे, कारण लवकर लावलेली आग मंद असते आणि सप्टेंबरमधला वणवा झाडांचे शेंडे जाळून जातो. छायाचित्रात काळी जमीन दिसली तर आधी महिना विचारावा. जूनमधली काळी जमीन बहुधा नियोजित असते. नदीकाठी गवत आणि लाकडाची हंगामी निवासस्थाने याच सुमारास नव्याने उभारली जातात, आणि नोव्हेंबरपूर्वी ती उतरवली जातात, कारण पावसाळ्यात ती जागा पाण्याखाली जाण्याची शक्यता असते.

जुलैपासून खरी हालचाल सुरू होते. मोपानेतली डबकी एकेक करून आटतात, उथळ आधी आणि खोल नंतर. एक डबके आटले की त्याच्यावर अवलंबून असलेले कळप पुढच्या डबक्याकडे सरकतात, आणि शेवटी सगळ्यांना नदी किंवा काठालगतचे एखादे सरोवरच उरते. रानम्हशींना रोज पाणी लागते, हत्तींना शक्यतो रोज, पुकू हा हरणासारखा प्राणी तर नदीकाठचे मैदान सोडून फारसा जातच नाही. जिराफ आणि कुडू (मोठ्या वळलेल्या शिंगांचा हरणासारखा प्राणी) पाल्यातून बरेच पाणी मिळवतात, म्हणून ते अधिक दिवस दूर राहू शकतात. परिणाम असा की, चरणारे प्राणी पाण्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या पट्ट्यात अडकतात आणि त्या पट्ट्यातले गवत संपवतात. पाणघोडे यात मोठी भर घालतात. ते दिवसा पाण्यात असतात आणि रात्री बाहेर पडून प्रत्येकी ४० किलोच्या आसपास गवत खातात. लुआंग्वातली पाणघोड्यांची संख्या आफ्रिकेत सर्वांत दाट असलेल्यांपैकी एक आहे. म्हणून काठालगतची जमीन खरवडल्यासारखी दिसते, तर नदीपासून पुरेसे दूर गेले की त्याच आठवड्यात वाळलेले गवत गुडघ्याएवढे उभे असलेले आढळते. तुमचे ऑक्टोबरचे छायाचित्र काठावरून काढलेले आहे. बहुतेक सगळी छायाचित्रे काठावरूनच काढली जातात, कारण प्राणी तिथे असतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाची समजूत होते की सगळे खोरे तसेच उजाड आहे.

या पट्ट्यातून पायी चालताना एक गोष्ट फार जवळून दिसते. पावसाळ्यात हत्ती आणि पाणघोडे चिखलातून गेलेले असतात. तो चिखल वाळून दगडासारखा घट्ट होतो आणि प्रत्येक पाऊल वीतभर खोल साच्यासारखे राहते. ऑगस्टमध्ये तिथून चालताना घोटा मुरगळणार नाही याची सतत काळजी घ्यावी लागते. या साच्यांच्या तळाशी वाऱ्याने आलेला पालापाचोळा आणि बिया साचतात, आणि पहिल्या सरीनंतर सर्वांत आधी हिरवे कोंब त्या खळग्यांतच दिसतात. उजाड दिसणारी जमीन मेलेली आहे का, हे पाहण्यासाठी मी त्या खळग्यांत हात घालतो. बी आणि कुजलेला पाला हाताला लागला की मला पुरेसे होते. खळगे रिकामे, पृष्ठभाग कडक पापुद्र्याचा आणि पाण्याने कातरलेल्या लहान घळी, असे दिसले तर मात्र मी ती जागा नोंदवून ठेवतो.

आता झाडांकडे येतो, कारण ‘जंगल मरते आहे’ ही तुमची शंका मुख्यतः निष्पर्ण झाडांवरून आली आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते की, या काठावरची सगळी झाडे एकाच वेळी पाने गाळत नाहीत, आणि एक झाड तर अगदी उलट वागते. मोपानेचे पान आपट्याच्या पानासारखे दोन भागांचे असते. दुपारच्या उन्हात ते दोन्ही भाग मिटतात आणि उन्हाला कड दाखवतात, त्यामुळे झाडाखाली सावलीच पडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही पाने तांबूस, विटकरी होतात आणि ऑक्टोबरपर्यंत बहुतेक गळून पडतात. गोरखचिंच तर कोरड्या काळाचा बराचसा भाग निष्पर्णच असते आणि पावसाच्या तोंडावर फुलते. याउलट काठालगतचा आबनूस, जो आपल्या टेंभुर्णीचा नातलग आहे, आणि चिंच ही झाडे भर ऑक्टोबरमध्येही हिरवी सावली देतात, कारण त्यांची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. चिंच मुळात आफ्रिकेचीच आहे, तेव्हा ती तिथे दिसली तर कोणी लावली असेल असे समजू नये.

उलट वागणारे झाड म्हणजे विंटरथॉर्न, बाभळीच्या नात्यातले मोठे काटेरी झाड. ते नदीच्या गाळाच्या जमिनीवर वाढते, पाऊस सुरू झाला की पाने गाळते आणि कोरड्या काळात हिरवे होते. फेब्रुवारीत सगळे हिरवे असताना ते एकटे वाळल्यासारखे उभे असते आणि नवखा माणूस ते मेलेले समजतो. त्याच्या वळलेल्या, नारिंगी-तपकिरी शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे गवत संपलेले असताना गळतात आणि हत्ती त्यांच्यासाठी झाडे हलवत फिरतात. सॉसेज ट्रीचेही असेच आहे. पुण्या-मुंबईच्या काही जुन्या बागांत लांब लोंबत्या देठांना मोठी जड फळे लागलेले हे झाड तुम्ही पाहिले असेल. त्याची गडद लालसर फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात आणि पहाटे ती खाली पडू लागतात. सप्टेंबरच्या सकाळी अशा झाडाखाली शांतपणे थांबले तर इंपाला आणि पुकू फूल पडल्याचा आवाज ऐकून वळतात, मांसल पाकळ्या चघळतात आणि पुढच्या फुलाची वाट पाहत तिथेच उभे राहतात. ज्या जमिनीवर खायला काही नाही असे छायाचित्रात वाटते, तिथे अन्न वरून पडत असते.

म्हणून झाड मेले आहे असे म्हणण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहतो. जात कोणती आहे आणि या महिन्यात तिला पाने असायला हवीत का, हे पहिले. दुसरे, बोटाएवढी फांदी वाकवून पाहतो. जिवंत फांदी वाकते, मेलेली कट्कन मोडते. तिसरे, नखाने साल किंचित खरवडून आत हिरवा थर आहे का ते पाहतो. छायाचित्रावरून यांतली पहिली गोष्टच शक्य आहे, आणि तुमच्या वर्णनातली निष्पर्ण झाडी मोपानेची असावी असे मला वाटते. तसे असेल तर ती ऑक्टोबरमध्ये तशीच दिसायला हवी.

सोललेल्या सालींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला मी ऋतू म्हणून सोडून देणार नाही. कोरड्या काळाच्या शेवटी गवत संपले की हत्ती साल आणि फांद्यांकडे वळतात. साल एका बाजूने सोललेली असेल तर बहुतेक झाडे जखम भरून काढतात. खोडाला चौफेर सोलली असेल तर वरचा भाग मरतो, आणि मोपाने असेल तर बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. म्हणजे झाड जगते, पण उंच वृक्षाच्या जागी झुडूप उरते. अशी झुडपे वाढून दाट झाली की त्या भागाचे रूपच बदलते, आणि हा बदल एका पावसात उलटत नाही. तो चांगला की वाईट, हे कोणाच्या दृष्टीने पाहायचे यावर अवलंबून आहे: कमी उंचीचा पाला इंपाला आणि हत्तींच्या पिल्लांना सोयीचा पडतो, तर उंच खोडांच्या ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. मला स्वतःला मोठ्या झाडांची चिंता अधिक वाटते. मोपाने परत फुटते, पण मोठ्या गोरखचिंचेला किंवा काठावरच्या जुन्या वृक्षाला पर्याय उभा राहायला माणसाचे कित्येक जन्म जातात, म्हणून नोंदी करताना मी मोठ्या झाडांपेक्षा त्यांच्या जातीची रोपे जास्त शोधतो. मोठी झाडे जखमी आहेत पण गुडघाभर ते पुरुषभर उंचीची पुढची पिढी उभी आहे, असे असेल तर मी निश्चिंत असतो. मोठी झाडे ठणठणीत आहेत आणि खाली एकही रोप नाही, हे दृश्य छायाचित्रात सुंदर दिसते आणि खरे तर काळजीचे असते.

या संदर्भात खोऱ्याचा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत हस्तिदंत आणि शिंगांसाठी इथे प्रचंड शिकार झाली. हत्तींची संख्या फार घसरली आणि काळा गेंडा खोऱ्यातून नाहीसा झाला. २००३ पासून नॉर्थ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात त्याला पुन्हा आणले गेले. हत्ती कमी असलेल्या काळात झाडांची एक पिढी जवळजवळ विनात्रास वाढली. आज त्याच पिढीवर हत्तींचा दाब पडतो आहे, आणि जे लोक ती दाट झाडी पाहून लहानाचे मोठे झाले, त्यांना सध्याचे दृश्य ऱ्हासासारखे वाटते. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ज्या वर्षांशी ते तुलना करतात ती वर्षेच असाधारण होती.

काही वर्षे ऋतूच्या नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९८७ मध्ये लुआंग्वातल्या पाणघोड्यांत अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळीची मोठी साथ आली आणि हजारो पाणघोडे मेले. या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. गवत मुळापर्यंत खाल्ले गेले की चरताना माती तोंडात जाते, पाणी आटले की कळप दाटीने राहतात आणि एकमेकांचे मृतदेहही खातात, त्यामुळे अशी साथ कोरड्या काळाच्या शेवटाला अधिक पसरू शकते. अगदी अलीकडे, २०२३-२४ च्या पावसाळ्यात एल निन्योच्या प्रभावामुळे झांबियात भीषण दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. तुमचे ऑक्टोबरचे छायाचित्र २०२४ चे असेल तर ते सर्वसाधारण ऑक्टोबर म्हणून वाचता येणार नाही. पावसाने तूट दिलेल्या वर्षी डबकी लवकर आटतात, प्राणी नदीवर लवकर गोळा होतात आणि नेहमी सप्टेंबरअखेर दिसणारे चित्र ऑगस्टमध्येच दिसू लागते. म्हणूनच मी महिन्यापेक्षा पाण्याच्या अंतराला महत्त्व देतो.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, उघडी वाळू, गवत नसलेला काठ, निष्पर्ण मोपाने आणि पाणघोड्यांची दाटी ही ऑक्टोबरची नेहमीची लक्षणे आहेत. चौफेर सोललेली मोठी खोडे, रोपांचा अभाव आणि मातीतल्या घळी यांचे कारण शोधावे लागते. काठ ढासळणे मात्र या दोन्ही यादींत मी ठेवत नाही, कारण ते या नदीचे जीवनच आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

पुराच्या पाण्याने काठाची एक बाजू उभी कापली जाते आणि नदी उतरल्यावर वालुकामय मातीची ताजी, उघडी भिंत मागे राहते. ऑगस्टच्या अखेरीपासून दक्षिणेकडचे किरमिजी राघू, म्हणजे आपल्या वेड्या राघूचे मोठे, गडद गुलाबी नातलग, हजारोंच्या संख्येने या भिंतींवर येतात आणि चोचीने व पायांनी एक ते दोन मीटर खोल बिळे कोरून त्यांत अंडी घालतात. भिंत जुनी झाली, तिच्यावर झुडपे आली किंवा तिचा उतार सपाट झाला की घोरपडी आणि साप सहज चढतात, म्हणून या पक्ष्यांना नव्याने ढासळलेला काठ हवा असतो. फेब्रुवारीत ज्या दरडीबरोबर एखादे शंभर वर्षांचे झाड नदीत गेले, त्याच दरडीच्या जागी सप्टेंबरमध्ये ही वसाहत उभी असते. ढासळणारा काठ बांधून काढावा असे वाटणे स्वाभाविक आहे आणि एखाद्या निवासस्थानापुरते ते करावेही लागते; सर्वत्र केले तर सरोवरे तयार होणे थांबेल आणि या पक्ष्यांच्या भिंतीही संपतील.

दुसऱ्या काठाविषयीही एक वाक्य आवश्यक आहे. उद्यानाचा मोठा भाग नदीच्या पश्चिमेस आहे, आणि पूर्वेला कुंदा लोकांची गावे आणि शेती आहे. पाणी उतरले की हत्ती नदी ओलांडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मका तयार होतो तेव्हा तर त्यांची शेतांतली ये-जा लोकांच्या जिवावर बेतते. या लोकांसाठी ऋतुबदल म्हणजे छायाचित्रातला रंग नसून वर्षाचे धान्य आहे. वन्यजीव-संरक्षक नॉर्मन कार यांनी १९५० मध्ये इथले पारंपरिक प्रमुख न्सेफू यांच्या सहकार्याने पर्यटकांसाठी पहिले निवासस्थान सुरू केले, तेव्हा त्याचे उत्पन्न तिथल्या समाजाला मिळावे ही व्यवस्था त्याच कारणाने केली होती, आणि तो विचार मला आजही योग्य वाटतो. निवासस्थान निवडताना गावाला काय मिळते, हे जरूर विचारा.

तुम्हाला स्वतः तुलना करायची असेल तर पद्धत सोपी आहे. न हलणारी खूण निवडावी, जसे की काठापासून आत असलेली गोरखचिंच किंवा मोठे वारूळ; नदीकाठचे झाड निवडू नये. डोळ्यांच्या उंचीवरून, त्याच दिशेने, शक्यतो त्याच वेळेला छायाचित्र घ्यावे आणि सोबत चार ओळी लिहाव्यात: तारीख, सर्वांत जवळचे पिण्याचे पाणी चालत किती अंतरावर आहे, गवत घोट्याएवढे आहे की गुडघ्याएवढे, आणि मोपानेची पाने हिरवी, तांबूस की गळलेली. या चार ओळी नसतील तर दहा वर्षांनंतर ते छायाचित्र नुसते सुंदर दृश्य म्हणून उरते.

आता सुट्टीचा निर्णय. दिवाळीचा काळ, म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध, प्राणी पाहण्यासाठी अतिशय समृद्ध आणि शरीरासाठी अतिशय कठीण असतो. पारा ४० अंशांच्या वर जातो, सावली थोडी असते आणि दिवाळी उशिरा असेल तर पहिल्या पावसाने रस्ते बंद होऊन हंगामी निवासस्थाने आवरलेली असतात. तुमच्या वडिलांचा विचार करता मी मे महिन्याचा शेवटचा आठवडा किंवा जूनचा पहिला आठवडा सुचवीन. तेव्हा गवत उंच असते, प्राणी पांगलेले असतात, आतले काही रस्ते ओले असू शकतात; त्यामुळे ज्यांना प्रत्येक फेरीत सिंह हवा आहे त्यांना हा सल्ला मी देणार नाही. तुम्हाला मात्र भूदृश्य कसे बदलते हे पाहायचे आहे, आणि मेअखेर ते बदल चालू असतानाच दिसतात: उतरणारी नदी, नुकतीच तुटलेली सरोवरे, एका बाजूला हिरवे आणि एका बाजूला पिवळे गवत, आणि नवी पालवी धरलेले विंटरथॉर्न.

पायी फिरण्याची सोय करायची असेल तर मुलीचे वय आधी कळवा. बहुतेक ठिकाणी १२ वर्षांखालील मुलांना पायी नेत नाहीत, आणि चालताना वाटाड्यासोबत वनखात्याचा सशस्त्र रक्षक असतोच. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना प्रवासापूर्वी पुरेशा आधी भेटा, कारण पावसाळ्यानंतरचे महिने डासांच्या दृष्टीने निर्धोक नसतात. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, मोपानेतल्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे धावतात. मातकट रंग बरे. उघड्या गाडीतून पहाटे निघाल्यावर मात्र तापमान १० अंशांच्या जवळपास असते, तेव्हा वडिलांसाठी कानटोपी आणि जाड स्वेटर हाताशी ठेवा.